६.१६ : उतरणीवरून सोडलेल्या एका गोळीचं प्रकरण

वहीतली शेवटची ओळ अशी होती : ‘जी = ६.१६३७ मी/से². टक्केवारी त्रुटी ३७. त्रुटीची कारणे : मानवी चूक, हवेचा अवरोध, घर्षण.’

वही घेऊन आलेली विद्यार्थिनी भौतिकशास्त्र नुकतंच शिकायला लागलेली. उतरणीवरून गोळी सोडून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, मोजायचा प्रयोग तिने केला होता. तिचा चेहरा पडलेला. “मॅडम, पुन्हा करू का? फारच चुकलाय आकडा.”

“किती चुकलाय?”

“सदतीस टक्के.”

“ते पुस्तकातल्या ९.८ शी ताडून. पुस्तक मिटून ठेव. तुझी पट्टी, तुझं घड्याळ आणि तुझे हात एवढ्यांच्या जिवावर हा आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो?”

यावर वहीत काहीच नव्हतं. चार दशांश स्थळं मात्र होती. हा हिशेब करायला पुढचे दोन तास गेले, आणि त्यात जे निघालं ते मूळ प्रयोगाहून जास्त मोलाचं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

मांडणी साधीच होती. ॲल्युमिनियमची १.८०० मीटर लांबीची पन्हळ, तिचं एक टोक टेबलावर आणि दुसरं ठोकळ्यांवर ९० मिलिमीटर उचललेलं. म्हणजे उताराच्या कोनाची साइन ०.०५००. पन्हळीत २५.४ मिलिमीटर व्यासाची भरीव पोलादी गोळी. गोळीच्या पुढे पट्टी आडवी धरायची, ती चटकन उचलायची आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच चालू करायचं. खाली अडणीवर टक्क आवाज आला की बंद. पट्टीपासून अडणीपर्यंतचं अंतर १.५०० मीटर. हे अंतर तिने गोळीच्या पुढच्या कडेपासून धरलं होतं, आणि तेच बरोबर आहे. पुष्कळ जण गोळीच्या मध्यापासून अडणीपर्यंत मोजतात आणि एक त्रिज्या फुकट पदरात पाडून घेतात.

दहा वेळा सोडल्यावर आलेले सेकंद असे : ३.०५, ३.२१, ३.१०, ३.१६, ३.०२, ३.२४, ३.१२, ३.०८, ३.१९, ३.०३. सरासरी ३.१२. स्थिर अवस्थेतून सुरुवात, म्हणून त्वरण म्हणजे अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. ३.००० भागिले ९.७३४, म्हणजे ०.३०८ मी/से². उतरणीवर त्वरण जी गुणिले साइन, म्हणून ०.३०८ ला ०.०५ ने भागून ६.१६. गणितात कुठे खोट नाही.

आता अनिश्चितता. “वेळेत किती धरायची?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “०.०१ सेकंद. स्टॉपवॉचचं लघुत्तम माप तेवढंच आहे.” हा गैरसमज जुना आणि चिवट आहे. घड्याळ शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारा अंगठा तेवढा तयारीचा नसतो. वरचीच रीडिंगं पाहा : ३.०२ पासून ३.२४ पर्यंत पसरली आहेत. स्वतःची रीडिंगं एवढा पसारा दाखवत असताना ०.०१ लिहिणं म्हणजे समोरच्या साक्षीदाराचं न ऐकण्यासारखं. प्रमाणित विचलन, म्हणजे रीडिंगं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप, काढलं, ०.०७७ आलं. दहा रीडिंगांच्या सरासरीची अनिश्चितता म्हणजे तेच भागिले दहाचं वर्गमूळ, सुमारे ०.०२५ सेकंद. सापेक्ष प्रमाणात ०.८ टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून त्वरणात ही दुप्पट होऊन उतरते : १.६ टक्के.

उंची ९० मिलिमीटर, तीत १ मिलिमीटरची शंका : १.१ टक्के. अंतरात २ मिलिमीटर : ०.१३ टक्के, सोडून दिलं तरी चालेल. या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ घेतलं. जवळपास २ टक्के आलं. शाळेत शिकवतात तशी सरळ बेरीज केली असती तर २.८ आलं असतं. या प्रकरणात त्याने काही बिघडत नाही.

म्हणजे उत्तर ६.१६ ± ०.१२. आणि ९.८ इथून ३.६४ दूर आहे. अनिश्चिततेच्या तीसपट.

इथे ती थांबली. तीसपट फरक हलगर्जीपणाने पडत नाही. एवढ्या फरकाचा अर्थ असा की एक तर मोजण्यात कुठेतरी भलीमोठी ठोक चूक आहे, नाहीतर गोळी जे करते आहे ते सूत्रात लिहिलेलंच नाही. दोन्ही शक्यता एकेक करून तपासता येतात. ‘मानवी चूक’ हे शब्द मात्र तपासता येत नाहीत, आणि म्हणूनच वहीत ते मला खपत नाहीत. कोणती चूक, कोणत्या दिशेने, किती, हे लिहिलं तर ते कारण. एरवी ती नुसती दिलगिरी.

मग वहीतल्या एकेका आरोपीची उलटतपासणी सुरू झाली.

वेळ चुकली असेल? घर्षणाविना घसरणाऱ्या ठोकळ्याला हे अंतर कापायला २.४७ सेकंद लागले असते. म्हणजे तिने दहाही वेळा सरासरी ०.६५ सेकंद उशिरा बटण दाबलं असलं पाहिजे. प्रतिक्रियेचा वेळ साधारण ०.२ सेकंद. शिवाय तो सुरुवातीलाही लागतो आणि शेवटीही, त्यामुळे बराचसा कटतो. दहातलं सगळ्यात छोटं रीडिंगसुद्धा ३.०२ आहे. सुटका.

उंची चुकली असेल? सगळा दोष उंचीवर टाकायचा तर ती ९० ऐवजी ५७ मिलिमीटर असायला हवी होती. ३३ मिलिमीटरची चूक पट्टीने होत नाही.

हवा? गोळीचं वस्तुमान सुमारे ६७ ग्रॅम, म्हणजे उतारावरून तिला खाली ओढणारं बल ०.०३३ न्यूटन. तळाशी वेग ०.९६ मी/से. या वेगाला एवढ्या गोळीवर हवेचा अवरोध साधारण ०.०००१३ न्यूटन. शेवटच्या क्षणीसुद्धा अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि वर तर त्याहूनही नगण्य. प्रत्येक वहीत हवेला धरून आणतात आणि बहुतेक वेळा ती निर्दोष असते.

उरलं घर्षण. इथे तिचे डोळे चमकले. पटकन समीकरण मांडलं, म्यू म्हणजे घर्षण गुणांक : त्वरण = जी × साइन − म्यू × जी × कोसाइन. जी ९.८ धरून म्यू काढला, ०.०१९ आला. “मॅडम, जमलं! घर्षण गुणांक ०.०१९.”

आकडा दिसायला कसा सभ्य आहे पाहा. धन आहे, लहान आहे, गुळगुळीत धातूला शोभेलसा वाटतो. वहीत लिहिला असता तर बहुधा पूर्ण गुणही मिळाले असते. पण एक न जुळणारी संख्या घेऊन एक मोकळा अज्ञात त्यात बसवला, तर तो बसणारच. न बसायला वावच नव्हता. जे सूत्र चुकूच शकत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून म्हटलं, “आता गोळी न सोडता सांग. टोक ९० ऐवजी १८० मिलिमीटर उचललं तर किती वेळ लागेल?”

तिच्या घर्षणाच्या हिशेबाने : साइन ०.१००, त्वरण ०.९८ वजा ०.१८, म्हणजे ०.८०, वेळ १.९४ सेकंद. याच्यासमोर मी दुसरं भाकीत ठेवलं, आणि त्यामागे सिद्धान्त असा काहीच नव्हता. समजा, जे काही गोळीला अडवतंय ते उताराच्याच प्रमाणात अडवतंय. मग उतार दुप्पट केल्यावर त्वरणही बरोबर दुप्पट होईल आणि वेळ ३.१२ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे २.२१ सेकंद. दोन्ही आकडे वहीत लिहिले, खाली रेघ मारली, आणि मगच ठोकळे चढवले. हा क्रम महत्त्वाचा. आधी मोजून मग भाकीत केलं की भाकीत कधीच चुकत नाही.

दहा रीडिंगांची सरासरी आली २.२० सेकंद, अनिश्चितता पुन्हा ०.०२५ च्या घरातच. १.९४ चा पत्ता कट झाला. आणि त्याबरोबर ०.०१९ चाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. असं कोणतं बल आहे जे उतार वाढला की स्वतःही त्याच प्रमाणात वाढतं? घसरणीचं घर्षण तसं करत नाही. ते अभिलंब बलावर, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने जेवढा रेटतो त्यावर, ठरतं, आणि एवढ्या छोट्या उतारात अभिलंब बल जवळपास बदलतच नाही.

तिला गोळीचा फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे गोळीवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, काढायला सांगितलं. तिने चौकोन काढला.

मी काही बोलले नाही. चौकोनाच्या मध्यातून खाली वजनाचा बाण, उतरणीला लंब अभिलंब बल, उतरणीवरून वर घर्षण आणि त्याच्याशेजारी ‘म्यू गुणिले अभिलंब बल’. आकृती नेटकी होती. मग पन्हळीत ठेवलेल्या गोळीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि ती एकदम हसायला लागली. “ही गोल आहे.” बलांची जितकी उदाहरणं तिने सोडवली होती त्या प्रत्येकात ठोकळा होता. हात आपोआप ठोकळाच काढत होता.

गोळी घसरत नाही, घरंगळते. जिथे ती पन्हळीला टेकते तिथला तिचा भाग त्या क्षणी स्थिर असतो. म्हणून तिथलं घर्षण स्थितिक आहे, आणि स्थितिक घर्षण म्हणजे म्यू गुणिले अभिलंब बल नव्हे. ते गुणाकाराने येतं ती फक्त त्याची कमाल मर्यादा. हा फरक पाठ असतो, पण उपयोगाच्या वेळी हमखास निसटतो. आकड्यांत बघू : म्यू कमीत कमी म्हणून ०.२ धरला, तर म्यू गुणिले अभिलंब बल होतं ०.१३ न्यूटन. गोळीला खाली ओढणारं बल ०.०३३. म्हणजे तो डायग्राम खरा असता तर गोळी जागची हललीच नसती!

मग घर्षण किती? गोळीला फिरवायला लागेल तेवढंच. इथे दोन समीकरणं लागतात. सरळ गतीसाठी : खाली ओढणारं बल वजा घर्षण = वस्तुमान × त्वरण. फिरण्यासाठी : घर्षण × त्रिज्या = जडत्व आघूर्ण (फिरवायला वस्तू किती विरोध करते त्याचं माप) × कोनीय त्वरण. भरीव गोळीचं जडत्व आघूर्ण दोन पंचमांश वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. न घसरता घरंगळण्याची अट : त्वरण = त्रिज्या × कोनीय त्वरण. सगळं एकत्र केलं की घर्षण दोन पंचमांश वस्तुमान गुणिले त्वरण एवढं येतं. त्वरण वाढलं की तेही वाढतं. उताराच्या प्रमाणात अडवणारं बल ते हेच. आणि त्वरण जी × साइन × ५/७.

तिने ६.१६ ला ७/५ ने गुणलं. ८.६३.

“आलं की मॅडम जवळ! बारा टक्केच राहिले.”

अशा वेळी थांबावंसं वाटतंच. सदतीसवरून बारावर आलो, पदार्थविज्ञान समजलं, उरलेलं ‘मानवी चूक’ मध्ये घालू. पण आता तिच्या हातात टक्केवारीपेक्षा चांगली फूटपट्टी होती. ८.६३ ची अनिश्चितता ०.१७. ९.८ अजून सातपट दूर. हे तिनेच मोजलं आणि खट्टू झाली.

“उतार दुप्पट केला तेव्हा गुणोत्तर जुळलं होतं ना?” मी विचारलं. “म्हणजे गोष्ट अजूनही प्रमाणातच बिघडली आहे. ५/७ हा आकडा कुठून आला?”

“गोळी सपाट पृष्ठभागावर घरंगळते असं धरून.”

सपाट. मग दोघी पन्हळीवर वाकलो. कागदाची बारीक पट्टी कापून गोळीखालून सारली. ती एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली, कुठेही अडकली नाही. गोळी तळाला टेकतच नव्हती. खात्रीसाठी गोळीवर खडूची पूड चोळून हळूच हातभर घरंगळवली. पांढऱ्या गोळीवर दोन काळपट, केसासारख्या बारीक रेघा उमटल्या, एकमेकींना समांतर. पन्हळीच्या दोन काठांवर बसून ती उतरत होती, रुळांवरून जावं तशी.

म्हणजे फिरण्याची त्रिज्या १२.७ मिलिमीटर नाही. गोळीच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षापासून काठांच्या टेकूपर्यंतचं लंब अंतर घ्यायला हवं. व्हर्नियरने पन्हळीची आतली रुंदी घेतली : १४.० मिलिमीटर, फार तर ०.२ इकडेतिकडे. पायथागोरस लावला. १२.७ चा वर्ग वजा ७.० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १०.६ मिलिमीटर. गोळी त्याच अंतरात जास्त गिरक्या घेते, म्हणून फिरण्यात जास्त ऊर्जा जाते आणि पुढे सरकायला कमी उरते. ७/५ च्या जागी आता येतो १ अधिक दोन पंचमांश गुणिले (१२.७ भागिले १०.६) चा वर्ग, म्हणजे १.५७.

६.१६ गुणिले १.५७४ = ९.७०. रुंदीतल्या शंकेने अर्ध्या टक्क्याची भर पडते, पण वर्ग करून मिळवल्यावर एकूण २ टक्केच राहतात. उत्तर ९.७ ± ०.२. चार दशांश स्थळं कुठल्या कुठे गेली होती. उंच उतारावरच्या २.२० सेकंदांतून ९.८ ± ०.२ आलं.

एक गंमत तिने स्वतःच शोधली. १.५७४ मध्ये फिरण्याचा वाटा ०.५७४, म्हणजे गोळीच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी ३६.५ टक्के गिरकीत जातात. वहीत तिने लिहिलेली ‘टक्केवारी त्रुटी’ होती ३७. त्रुटी म्हणून जे लिहिलं होतं ते जवळजवळ सगळं गोळीचं फिरणं होतं.

इथे गॅलिलिओची आठवण होणं साहजिक आहे. त्याने उतरणीवरच्या प्रयोगाचं वर्णन १६३८ मध्ये छापलं : सुमारे बारा हात लांब लाकडी तुळई, तिच्यात कोरलेली खाच, खाचेला चर्मपत्राचं अस्तर आणि गुळगुळीत काशाची गोळी. वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी गोळा करून तोलायचं. तोही गोळी घरंगळवतच होता, खाचेतूनच, आणि जडत्व आघूर्णाचा हिशेब तर पुष्कळ नंतरचा. तरी त्याचा निष्कर्ष बिघडला नाही, कारण त्याला जीचा आकडा नकोच होता. चौथाई अंतराला निम्मा वेळ लागतो का, एवढंच तो बघत होता. गुणोत्तर घेतलं की १.४ असो वा १.५७, वर-खाली कटून जातं. आमच्या १८० मिलिमीटरच्या चाचणीतही नेमकं हेच घडलं होतं : सूत्र चुकीचं असतानाही गुणोत्तर बरोबर आलं.

तिचा पुढचा प्रश्न मला आवडला. “मग उतार जास्तच ठेवावा ना? उंचीतली टक्केवारी कमी होते.” होते खरी. १८० ला उंचीची शंका १.१ वरून ०.६ टक्क्यांवर येते. पण गोळी लवकर पोचते, आणि तोच ०.०२५ सेकंद आता २.२० मधून जातो : वेळेचा वाटा १.६ वरून २.३ वर चढतो. एक घटतं, दुसरं वाढतं. दोन्ही मिळून सगळ्यात कमी कुठे, हे काढलं तर आमच्या घड्याळाला आणि पट्टीला ९० मिलिमीटरच्या आसपासच येतं. तिने ९० निवडले होते कारण हाताशी तेवढेच ठोकळे होते.

टेबल सपाट आहे की नाही, हे मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं. १.८ मीटरमध्ये टेबल २ मिलिमीटर जरी कललेलं असेल, तर साइन २ टक्क्यांहून जास्त बदलते, आणि दहा काय शंभर रीडिंगं घेतली तरी ते सरासरीत दिसणार नाही. उपाय सोपा : पन्हळ उलटी फिरवायची, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून, उंची पुन्हा ९०. टेबल कललेलं असेल तर एका दिशेला वेळ जास्त येईल, दुसऱ्या दिशेला कमी.

उलट्या दिशेची सरासरी आली ३.०८.

“फरक पडला! ०.०४. टेबल कललेलंच आहे,” असं म्हणत तिने वही ओढली. ‘त्रुटीची कारणे : टेबलाचा’ एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. समासात तिने दोन्ही सरासऱ्यांची अनिश्चितता वर्ग करून मिळवली : ०.०३५. मग ०.०४ ला त्याने भागलं. एकाच्या जरासं वर.

“याच्यावरून काही म्हणता येत नाही,” ती म्हणाली, आणि लिहिलेले तीन शब्द खोडून स्टॉपवॉच पुन्हा हातात घेतलं.